‘१०२४ रंग’ : एका चित्राचा अभ्यास

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या वसतिगृहाच्या खोल्यांना रंग देण्याचे ठरले, तेव्हा रंगाच्या दुकानातून एक शेडकार्ड कार्यालयात आले होते. सुटीतही शाळेतच राहिलेली काही मुले टेबलाभोवती जमली. प्रत्येकाने आपापल्या आवडीच्या रंगावर बोट ठेवले. कोणाला आकाशी हवा होता, कोणाला पोपटी. शेवटी खर्चाचा आणि टिकाऊपणाचा विचार करून फिकट पिवळा रंग निवडला गेला. ते शेडकार्ड मात्र आम्ही फेकू दिले नाही. ते पाहताना आम्हाला एका जर्मन चित्रकाराच्या चित्राची आठवण झाली होती. पुढे त्याच चित्रावर आम्ही नववीच्या वर्गात दोन तासिका घेतल्या. त्या तासिकांमध्ये जे घडले आणि त्या निमित्ताने जो अभ्यास झाला, तो या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इतिहासाच्या शिक्षकाने चित्रकलेवर का लिहावे, असा प्रश्न काही माजी विद्यार्थ्यांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, हे चित्र इतिहासाच्या शेजारी ठेवून पाहिले तरच त्याचे मोल कळते. आणि एकदा कळले, म्हणजे इतिहासातील एक अवघड गोष्ट ते डोळ्यांना दाखवून देते.

चित्राचे स्वरूप

चित्रकाराचे नाव गेरहार्ट रिख्टर. चित्राचे नाव ‘१०२४ रंग’. रिख्टर यांनी या नावाची एकाहून अधिक चित्रे १९७३ साली केली. त्यांपैकी एक पॅरिस येथील पॉम्पिदू केंद्राच्या संग्रहात आहे. कॅनव्हासवर एनॅमल रंगात केलेले हे चित्र २५४ सेंटिमीटर उंच आणि ४७८ सेंटिमीटर लांब आहे. आपल्या मापात सांगायचे तर सुमारे सव्वाआठ फूट उंच आणि पावणेसोळा फूट लांब. आपल्या वर्गातील फळा त्यापुढे लहान पडेल. मूळ चित्र आम्ही पाहिलेले नाही. पुस्तकातील छापील प्रतीवरून आणि मापे भिंतीवर खडूने आखून आम्ही त्याचा अंदाज घेतला. छापील प्रतीत हे चित्र नक्षीदार कापडासारखे दिसते. भिंतीवर माप आखले, तेव्हा त्याचा खरा आवाका लक्षात आला.

या चित्रात माणूस नाही, झाड नाही, घर नाही, एखादे चिन्हही नाही. आडव्या बत्तीस आणि उभ्या बत्तीस अशा ओळींत मांडलेले १०२४ आयत आहेत. प्रत्येक आयत साधारण पोस्टकार्डाएवढा. प्रत्येकात एकच सपाट रंग, आणि एका आयतातला रंग दुसऱ्या कोणत्याही आयतात नाही. ब्रशाचा फटकारा दिसत नाही, छाया नाही, उजेड नाही. चित्रकाराने हात राखून, अगदी दाराच्या फळीला रंग लावावा तसा रंग लावला आहे.

आता प्रश्न येतो तो संख्येचा. एक हजारच का नाहीत, १०२४ का? रिख्टर यांनी याचा हिशेब स्वतः लिहून ठेवला आहे. त्यांनी लाल, पिवळा आणि निळा हे तीन मूळ रंग घेतले व त्यांच्या जोडीला राखाडी घेतला. हे झाले चार. मग समान अंतराच्या मिश्रणांनी ते चौपटीने वाढवत नेले. चाराचे सोळा, सोळाचे चौसष्ट, चौसष्टाचे दोनशे छप्पन्न आणि दोनशे छप्पन्नाचे एक हजार चोवीस. चारानेच गुणण्याचे कारण असे की, त्यामुळे पूर्ण चित्राचा आकार, एका घराचा आकार आणि घरांची संख्या यांचे परस्परप्रमाण कायम राहते. पूर्ण चित्र ज्या प्रमाणात लांब-उंच आहे, त्याच प्रमाणात त्यातील प्रत्येक घर लांब-उंच आहे. याच्या पुढची पायरी ४०९६ रंगांची. ती घेण्यात अर्थ नाही, असे त्यांना वाटले. कारण मग शेजारच्या दोन छटांमधला फरक डोळ्याला कळलाच नसता. १९७४ साली त्यांनी ‘४०९६ रंग’ या नावाचे चित्र केले, त्यातही रंग १०२४च आहेत. प्रत्येक रंग चार वेळा वापरला आहे.

एवढा काटेकोर हिशेब करून रंग तयार झाल्यावर कोणता रंग कोठे बसवायचा? येथे चित्रकाराने हात मागे घेतला. रंगांच्या जागा त्यांनी स्वतः ठरवल्या नाहीत. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्या योगायोगावर सोपवल्या. लालाशेजारी कोण यावे, मध्यभागी कोण असावे, कोपऱ्यात कोण जावे, यांपैकी काहीही चित्रकाराच्या आवडीने ठरलेले नाही. हाच या चित्राचा गाभा आहे आणि त्याचे महत्त्व समजण्यासाठी आपल्याला चित्रकाराच्या काळात जावे लागेल.

माणसांचे तक्ते

रिख्टर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९३२ रोजी ड्रेस्डेन येथे झाला. ते वर्षभराचे होत असतानाच, जानेवारी १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला. त्यांचे वडील शाळाशिक्षक होते. त्या काळातील इतर शिक्षकांप्रमाणे त्यांनाही नाझी पक्षाचे सदस्य व्हावे लागले, आणि युद्ध संपल्यावर त्याच सदस्यत्वामुळे त्यांना पुन्हा वर्गात उभे राहता आले नाही. शिक्षक म्हणून हा तपशील वाचताना आम्ही बराच वेळ थांबलो.

नाझी राजवट ही केवळ क्रूर माणसांची राजवट नव्हती. ती वर्गवारीची राजवट होती. १४ जुलै १९३३ रोजी आनुवंशिक रोग असल्याचे ठरवलेल्या लोकांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा झाला. या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांवर ती शस्त्रक्रिया लादली गेली. १९३५ साली न्यूरेम्बर्गचे कायदे झाले. ते लोकांना समजावेत म्हणून तक्ते छापण्यात आले. त्या तक्त्यांवर आजी-आजोबांसाठी वर्तुळे काढलेली असत, पांढरी आणि काळी. कोणाच्या वंशावळीत किती काळी वर्तुळे आहेत, यावरून तो नागरिक की परका, त्याने कोणाशी लग्न करावे आणि कोणाशी करू नये, हे ठरत असे. सप्टेंबर १९४१ पासून जर्मनीतील ज्यूंना अंगावर पिवळा तारा लावूनच घराबाहेर पडण्याची सक्ती झाली.

छळछावण्यांमध्ये तर रंग हीच माणसाची ओळख झाली. कैद्यांच्या कपड्यांवर रंगीत त्रिकोण शिवलेले असत. राजकीय कैद्याला लाल, गुन्हेगार ठरवलेल्याला हिरवा, समाजाला नकोसा ठरवलेल्याला काळा, समलिंगी पुरुषाला गुलाबी, यहोवाच्या साक्षीदारांना जांभळा आणि ज्यूंना पिवळा. या खुणांचेही छापील तक्ते होते. वर कैद्यांच्या वर्गांची नावे, खाली ओळीने रंगीत त्रिकोण, अगदी शेडकार्डासारखे. कोणाशी कसे वागायचे आणि कोणाला सर्वांत खालच्या पायरीवर ठेवायचे, हे बऱ्याच अंशी त्या कापडाच्या तुकड्याच्या रंगावरून ठरत असे. रंग स्वतः निष्पाप असतो. पण माणसाने त्याला पायऱ्या लावल्या की तो मारण्याचे साधन होऊ शकतो, हे विसाव्या शतकाने पाहिले.

ही वर्गवारी रिख्टर यांच्या घरापर्यंत आली होती. मारियान ही त्यांची सख्खी मावशी. तरुण वयात तिला मानसिक आजार असल्याचे निदान झाले. १९३८ साली तिची सक्तीने नसबंदी करण्यात आली. पुढे तिला मनोरुग्णांच्या संस्थांमध्ये ठेवण्यात आले आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये, युद्ध संपायला तीन महिने उरले असताना, उपासमार आणि औषधांचा मारा करून तिचा जीव घेण्यात आला. मोठेपणी, १९६५ साली, रिख्टर यांनी घरातील एका जुन्या छायाचित्रावरून ‘मारियान मावशी’ हे चित्र केले. त्यात चौदा वर्षांची मारियान आहे आणि तिच्यासमोर काही महिन्यांचे बाळ आहे. ते बाळ म्हणजे स्वतः रिख्टर. संपूर्ण चित्र राखाडी आहे आणि ओल्या रंगावरून ब्रश फिरवून ते धूसर केलेले आहे.

याहूनही विलक्षण गोष्ट पुढे उघडकीस आली. रिख्टर यांचे पहिले सासरे एसएस या नाझी संघटनेतील वरिष्ठ डॉक्टर होते आणि ड्रेस्डेनमध्ये त्यांच्या अधिकाराखाली शेकडो स्त्रियांची सक्तीने नसबंदी झाली होती. त्या घराचीही चित्रे रिख्टर यांनी तरुणपणी केली होती, पण हा संबंध त्यांना तेव्हा माहीत नव्हता. एका पत्रकाराच्या शोधकार्यातून तो चाळीस वर्षांनी जगापुढे आला. एकाच कुटुंबात बळी आणि अधिकारी दोघेही होते. जर्मनीतील कितीतरी घरांची गोष्ट अशीच असेल.

दुसरी सक्ती

युद्धानंतर ड्रेस्डेन पूर्व जर्मनीत गेले. १९५१ साली रिख्टर तेथील कला अकादमीत दाखल झाले. आता राजवट बदलली होती, विचारसरणी उलट होती. परंतु चित्रात काय असावे हे सरकारने ठरवायचे, ही पद्धत चालूच होती. चित्रात आशावादी कामगार, सुखी कुटुंबे आणि उद्याचा समाज दिसला पाहिजे, अशी अपेक्षा असे. १९५६ साली पदवीसाठी त्यांनी ड्रेस्डेनच्या आरोग्य संग्रहालयात एक मोठे भित्तिचित्र काढले. निरोगी, हसरी माणसे मोकळ्या हवेत आनंदाने वेळ घालवत आहेत, असा त्याचा विषय होता. याच संग्रहालयाने नाझी काळात वंशशुद्धीचा प्रचार केला होता. भिंत तीच, संदेश नवा. आणि १९७९ साली तेथील अधिकाऱ्यांनी त्या चित्रावर पांढरा रंग फासला, कारण चित्रकार तोवर देश सोडून गेला होता.

१९५९ साली रिख्टर यांनी पश्चिम जर्मनीतील कासेल येथे ‘डॉक्युमेंटा’ हे कलाप्रदर्शन पाहिले आणि चित्रकला इतकी मोकळी असू शकते याचा त्यांना धक्का बसला. १९६१ साली, बर्लिनची भिंत उभी राहण्यापूर्वी काही महिने, ते पत्नीसह पश्चिमेकडे निघून गेले आणि ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत पुन्हा विद्यार्थी झाले. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या बाकावर बसणे सोपे नसते.

आता लक्षात येईल की, या माणसाने लहानपणी माणसांची वर्गवारी पाहिली होती आणि तरुणपणी चित्रांवरची सक्ती पाहिली होती. ‘हेच श्रेष्ठ’, ‘हेच योग्य’ असे ठणकावून सांगणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेविषयी त्यांना कायमचा अविश्वास वाटू लागला, यात नवल नाही.

शेडकार्डापासून चित्रापर्यंत

१९६६ साली रिख्टर यांचे लक्ष रंगाच्या दुकानातील नमुनापट्ट्यांकडे गेले. त्यांनी तशाच पट्ट्या मोठ्या कॅनव्हासवर रंगवल्या. रंगांच्या चित्रांची ही पहिली फेरी. दुसरी फेरी १९७१ ते १९७४ या काळातली, आणि ‘१०२४ रंग’ हे तिच्यातले.

यात नवे काय होते, हे समजण्यासाठी थोडी तुलना करू. जोसेफ आल्बर्स हे आधीच्या पिढीतील जर्मन चित्रकार व थोर शिक्षक. नाझींच्या दडपणामुळे १९३३ साली बाउहाउस ही कलाशाळा बंद पडली, तेव्हा ते अमेरिकेत गेले. १९५० पासून त्यांनी एकात एक चौकोन असलेली शेकडो चित्रे केली. एकच रंग शेजारी बदलला की कसा वेगळा दिसतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या चित्रात प्रत्येक शेजारी फार विचारपूर्वक निवडलेला असतो. त्याच सुमारास अमेरिकेत मार्क रॉथको आणि बार्नेट न्यूमन यांनी रंगाची विशाल क्षेत्रे रंगवली. पाहणाऱ्याने त्यांच्यासमोर उभे राहून भारावून जावे, असा त्यांचा बाणा होता.

रिख्टर यांनी दोन्ही वाटा सोडल्या. त्यांनी शेजारी निवडला नाही आणि एका रंगाला सारे चित्र व्यापूही दिले नाही. त्यांच्या चित्रात लाल आहे, पण लालाचे राज्य नाही. सोनेरी वाटणारा पिवळा आहे, पण त्याला सिंहासन नाही. इतिहासाच्या पुस्तकात आपण प्राचीन इजिप्तमधील भित्तिचित्रे पाहतो. त्यांत राजा मोठा, सरदार मध्यम आणि कष्टकरी अगदी लहान काढलेले असतात. तेथे माणसाचा दर्जा त्याच्या चित्रातल्या उंचीने कळतो. जगातील बहुतेक जुन्या चित्रांत मध्यभाग मोठ्यांचा आणि कडा लहानांच्या, असा अलिखित नियम आढळतो. ‘१०२४ रंग’ या चित्राला मध्यभागच नाही. म्हणजे भूमितीचा मध्य आहे, पण तेथे बसलेल्या रंगाला त्याचा काहीही लाभ नाही.

वर्गातील प्रयोग

एवढे सांगून झाल्यावर वर्गात नेहमीचा प्रश्न आला. “सर, पण यात चित्र कुठे आहे?” आम्ही उत्तर दिले नाही. वर्गात बत्तीस विद्यार्थी होते. प्रत्येकाला दोन सारखे चौकोनी कागद दिले. लाल, पिवळा, निळा आणि राखाडी या चार रंगांच्या मिश्रणातून प्रत्येकाने दोन वेगळ्या छटा तयार करायच्या, दुसऱ्या कोणाची छटा आपल्यासारखी होऊ द्यायची नाही. असे चौसष्ट चौकोन तयार झाले. मग कागदाच्या चिठ्ठ्यांवर एक ते चौसष्ट आकडे लिहून एका डब्यात टाकले. ज्याला जो आकडा निघेल, त्या घरात त्याने आपला चौकोन चिकटवायचा. आठ आडव्या आणि आठ उभ्या ओळींचा तक्ता फळ्यावर लावलेला होता.

घरे भरत गेली तसा वर्गात गलका वाढला. एका मुलीने फार सुंदर मोरपंखी रंग केला होता, तो खालच्या कोपऱ्यात गेला. ती हिरमुसली. एका मुलाच्या हातून रंग जास्त मिसळले जाऊन मळकट तपकिरी छटा झाली होती. त्याला आकडा निघाला तो थेट मधला. तो उठून टेबलाजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “सर, माझा रंग चांगला नाही. मी मागच्या कोपऱ्यात लावू का?”

हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. कोणी त्याला काही बोलले नव्हते, कोणी हसले नव्हते. आपला रंग चांगला नाही आणि आपली जागा मागे आहे, हे त्याने स्वतःच ठरवून टाकले होते. हे तो कोठून शिकला, हा प्रश्न या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आम्ही तोच प्रश्न वर्गापुढे ठेवला. कोपरा वाईट असतो का? बरीच चर्चा झाली. एक विद्यार्थी म्हणाला की, कोपऱ्यातले घरही तेवढेच मोठे आहे. आम्ही पट्टी देऊन त्याला मोजायला सांगितले. त्याने मधले घर मोजले, कोपऱ्यातले मोजले, आणि दोन्ही आठ सेंटिमीटर भरली, असे सर्वांना सांगितले. दुसरी मुलगी म्हणाली की, तक्ता उलटा टांगला तर खालचा कोपरा वरचा होईल. आम्ही तो उलटा टांगून दाखवला. मोरपंखी वर आला, तपकिरी मधल्याच भागात राहिला, आणि चित्रात काहीही बिघडले नाही. मग सर्वांना मागच्या भिंतीपर्यंत नेऊन तेथून पाहायला सांगितले. लांबून पाहताना असे दिसले की, मधल्या तपकिरी घरामुळे त्याच्या शेजारचा साधा निळा उजळून उठला आहे. आल्बर्स यांनी जे शिकवले, ते मुलांनी पुस्तक न उघडता पाहिले.

तो तपकिरी चौकोन मधल्याच घरात राहिला. तक्ता वर्षभर वर्गात होता.

योगायोग आणि समता

आता या सर्वांतून काय निष्पन्न होते, ते नीट मांडले पाहिजे. आधी एक सावधगिरीची सूचना. रिख्टर हे आपल्या चित्रांना संदेश चिकटवणारे चित्रकार नव्हेत. संदेशांविषयीच त्यांना संशय आहे. तेव्हा पुढील विवेचन हे आमचे वाचन आहे, चित्रकाराचे मत म्हणून ते कोणी उद्धृत करू नये.

योगायोग म्हणजे समता नव्हे, ही पहिली गोष्ट. जन्म हाही योगायोगच असतो. कोण कोणाच्या घरी जन्माला येईल, कोणत्या वस्तीत, कोणत्या अंगकांतीचा, हे कोणीही निवडत नाही. मारियानने आपला आजार निवडला नव्हता आणि ज्यूंच्या मुलांनी आपले आजोबा निवडले नव्हते. जर जगातली घरेच लहान-मोठी असतील, काहींना उजेड आणि काहींना अंधार असेल, तर चिठ्ठी टाकून मिळालेली जागा हा केवळ नशिबाचा अन्याय ठरतो. मग बलवान लोक त्या अन्यायालाच निसर्गाचा नियम म्हणू लागतात आणि त्यासाठी तक्ते छापतात, धर्माज्ञा काढतात, शास्त्रे रचतात.

रिख्टर यांच्या चित्रात मात्र क्रम वेगळा आहे. आधी सर्व घरे सारखी आखली गेली. मोजपट्टी लावून, हिशेब करून, एकालाही तसूभर जास्त न देता. त्यानंतर चिठ्ठी टाकली गेली. म्हणून तेथे योगायोग कोणाला छळत नाही. कोठेही जागा मिळाली तरी ती तेवढीच असते. समता आपोआप उगवत नाही, ती आखावी लागते. आणि एकदा ती आखली, की मग माणसामाणसांतील वेगळेपण हे भांडणाचे कारण न राहता शोभेचे कारण होते. या चित्रात १०२४ रंगांपैकी कोणतेही दोन एकसारखे नाहीत. सर्वांना एकाच रंगाचे करून टाकणे ही समता नव्हे, हेही हे चित्र शिकवते. वेगळेपण पूर्ण, मोजमाप समान.

दुसरी गोष्ट शुद्धतेची. चारांचे सोळा आणि सोळांचे चौसष्ट होत जाताना शुद्ध रंग थोडे राहतात आणि संमिश्र रंग फार होतात. मिश्रणावाचून १०२४ हा आकडा गाठताच येत नाही. शुद्धतेचाच आग्रह धरला असता, तर चित्र चार घरांवर थांबले असते. रक्ताच्या शुद्धतेसाठी कायदे करणाऱ्या देशात जन्मलेल्या चित्रकाराने मिश्रणाचा एवढा विस्तार मांडावा, ही बाब इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

तिसरी गोष्ट चित्राच्या मर्यादेची. रंगांना भूक लागत नाही, शाळेची फी भरावी लागत नाही, अपमान सहन करावा लागत नाही. कॅनव्हासवरची समता एका माणसाने एका खोलीत घडवली. समाजातली समता कायद्याने, शिक्षणाने आणि रोजच्या वागणुकीने घडवावी लागते, आणि ती एकदा घडवून भागत नाही. तरीही डोळ्यांना एकदा तरी दिसलेली गोष्ट मागणे सोपे जाते.

कोलोनची खिडकी

या चित्राला पुढे एक अनपेक्षित आयुष्य लाभले. कोलोन शहरातील प्रसिद्ध कॅथेड्रलच्या दक्षिणेकडील भव्य खिडकीची जुनी रंगीत काच दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली होती. नव्या खिडकीचे काम रिख्टर यांच्याकडे आले, तेव्हा विसाव्या शतकातील हुतात्म्यांची, त्यांत नाझींनी मारलेल्यांचीही, चित्रे तीत असावीत अशी मूळ सूचना होती. त्या विषयाला न्याय देणारी रचना त्यांना साधेना. अखेर त्यांनी ‘४०९६ रंग’ या आपल्या जुन्या चित्राच्या छापील प्रतीवर खिडकीचा आराखडा ठेवून पाहिला आणि वाट सापडली.

ऑगस्ट २००७ मध्ये ही खिडकी खुली झाली. तीत ७२ रंगांचे सुमारे ११,५०० काचेचे चौकोन आहेत. प्रत्येक चौकोन ९.६ सेंटिमीटरचा. रंगांची मांडणी संगणकाच्या साहाय्याने योगायोगावर सोपवली आणि काही भाग परस्परांच्या प्रतिबिंबासारखे ठेवले. रिख्टर यांनी या कामाचे मानधन घेतले नाही. कोलोनचे तत्कालीन कार्डिनल माइस्नर यांना खिडकी रुचली नाही. अशी खिडकी मशिदीत अधिक शोभेल, असा त्यांचा शेरा होता. ज्या खिडकीत कोणाचीच मूर्ती नाही, ती कोणाची म्हणायची, हा त्यांचा पेच असावा. ऊन मात्र असा पेच मानत नाही. ते खिडकीतून आत येते आणि खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या अंगावर तेच रंग पडतात.

पुढे २०१४ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, रिख्टर यांनी ‘बिर्केनाउ’ ही चार चित्रे केली. ऑगस्ट १९४४ मध्ये ऑशविट्झ-बिर्केनाउ छावणीतील कैद्यांनी जिवावर उदार होऊन चोरून काढलेली चार छायाचित्रे त्यांनी आधी कॅनव्हासवर उतरवली आणि नंतर त्यांवर रंगाचे थरावर थर चढवले. खालची चित्रे आता दिसत नाहीत, पण ती तेथे आहेत. म्हणजे आयुष्यभर त्यांनी हा विषय सोडला नव्हता. मुलांना आम्ही ही चित्रे दाखवली नाहीत. ती दहावीनंतर पाहावीत.

समारोप

पालकांना आमची एक विनंती आहे. रंगाच्या दुकानातील जुने शेडकार्ड मिळाले तर ते घरी आणावे, त्याचे तुकडे कापून मुलांना द्यावेत आणि एका पुठ्ठ्यावर सारखी घरे आखायला सांगावीत. घरे आखण्याचे काम मुलांकडूनच करून घ्यावे. चिठ्ठ्या टाकण्यात मजा आहे, पण धडा आखण्यात आहे. पट्टी थोडी सरकली तर कोणाचे तरी घर लहान होते, हे मुलांच्या हाताला कळले पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज कार्यालयांत, शाळांत, बँकांत आणि स्वतःच्या व्यवसायांत इतरांच्या जागा ठरवण्याच्या अधिकारावर पोहोचले आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, हातात यादी घेऊन कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली लिहिताना, मधल्या घरातून उठून मागच्या कोपऱ्यात जाऊ पाहणारा तो मुलगा आठवावा. त्याला मधल्या घरात थांबण्यासाठी कोणाची दया नको होती. घरे सारखी आहेत, हे कोणीतरी पट्टीने मोजून दाखवावे, एवढेच त्याला पुरेसे होते.